मुरलेला व्हाइटटेल नर: अमेरिकेत पहिल्यांदा शिकारीला उतरणाऱ्यांसाठी

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हणजे थेट गुन्हा. हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की इथे आल्यावर शेजारच्या टेबलावरचा सहकारी ‘डियर सीझन’साठी उघडपणे रजा टाकतो, तेव्हा बावचळायला होतं. पण इथला हिशेब वेगळा आहे. १९०० च्या सुमारास बेसुमार कत्तलीमुळे अमेरिकेतली व्हाइटटेल हरणं पाच लाखांच्याही खाली गेली होती, आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. जंगली मांसाच्या विक्रीवर बंदी आली, शिकारीचे हंगाम आणि संख्या ठरवून दिल्या गेल्या. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. परवान्याचे पैसेही तिथेच जातात.

मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो, त्यामुळे उदाहरणं तिथली देतो. नियम राज्यागणिक बदलतात आणि दरवर्षी थोडेफार हलतात. आपल्या राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची त्या वर्षीची पुस्तिका वाचल्याशिवाय पाऊल उचलू नका.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. हरीण मारणं फार अवघड नाही. मुरलेला नर, म्हणजे साडेचार-पाच वर्षांच्या पुढचा, मिळवणं अवघड आहे. बहुतेक नर दीड-अडीच वर्षांचे असतानाच कुणाच्या तरी गोळीला बळी पडतात. जो उरतो तो माणसाचा वास, माणसाच्या वाटा आणि माणसाच्या वेळा शिकलेला असतो. त्याला तुमचा सुगावा लागू न देणं हीच सगळी शिकार. महागडी उपकरणं त्यानंतर येतात.

१. आधी व्हिसा तपासा

मराठी मंडळी सगळ्यात जास्त इथेच अडकतात, म्हणून हे नीट वाचा.

ग्रीन कार्ड असेल तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला अडचण नाही. पण एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१ अशा व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायदा तुम्हाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई करतो. याला काही मोजके अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा असा: तुमच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना असला पाहिजे.

यातून तीन सापळे तयार होतात.

पहिला, ‘बाळगणं’ याचा अर्थ विकत घेणं एवढाच नाही. मित्राची रायफल हातात घेणं, शूटिंग रेंजवर भाड्याची बंदूक चालवणं हेही त्यात येतं. ऑफिसची टीम रेंजवर निघाली म्हणून परवाना नसताना तिच्याबरोबर जाऊ नका.

दुसरा, परवाना संपला की अपवादही संपतो. विस्कॉन्सिनचं परवाना वर्ष ३१ मार्चला संपतं. बंदूक तुमच्या कपाटात आहे आणि १ एप्रिलला नवा परवाना नाही, तर तुम्ही त्या दिवसापासून कायद्याच्या चुकीच्या बाजूला आहात. मोबाइलमध्ये आठवण लावून ठेवा. नवरा-बायको दोघेही व्हिसावर असतील तर प्रत्येकाचा परवाना स्वतंत्र लागतो.

तिसरा, बंदूक विकत घेताना दुकानात भरायचा केंद्र सरकारचा फॉर्म ४४७३. त्यात नागरिकत्व, व्हिसावर आहात का, आय-९४ चा (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा) नंबर आणि अपवादाचा पुरावा विचारतात. गांजाच्या सेवनाबद्दलही प्रश्न आहे. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्राच्या लेखी तो कायदेशीर नाही, आणि या फॉर्मवर खोटं लिहिणं हा गंभीर गुन्हा आहे. ग्रीन कार्डची फाइल चालू असताना असली भानगड परवडणारी नाही. थोडी जरी शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला एक तासाची फी द्या, तो खर्च सत्कारणी लागतो.

जवळ ठेवायची कागदपत्रं: पासपोर्ट आणि व्हिसा, ताजा आय-९४, सध्याचा पत्ता असलेलं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र, राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा (रहिवाशाला परवाना कितीतरी स्वस्त पडतो), हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र, चालू परवाना, आणि खासगी जमिनीवर जाणार असाल तर मालकाची लेखी परवानगी.

२. कोर्स आणि परवाना

विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशन कोर्स सक्तीचा आहे. काही वर्गांत थोडा भाग ऑनलाइन असतो, थोडा प्रत्यक्ष. हे प्रमाणपत्र इतर राज्यांतही चालतं. तुम्ही व्हिसावर असाल तर प्रत्यक्ष वर्गात खरी बंदूक हाताळायची आहे का, हे शिक्षकाला आधीच विचारा आणि आपली परिस्थिती स्पष्ट सांगा.

जागा लवकर भरतात. ऑक्टोबरमध्ये शोधायला निघालात तर वर्ष हातचं जातं, म्हणून वसंतातच नाव नोंदवा. कोर्स न करता पहिला हंगाम अनुभवायचा असेल तर ‘मेंटॉर्ड’ परवाना मिळतो. त्यात अनुभवी शिकारी हाताच्या अंतरावर असावाच लागतो.

कोर्समध्ये ‘टॅब-के’ नावाचे चार नियम शिकवतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा, नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवा, सावज आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा, बार काढायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरपासून लांब ठेवा. हे परीक्षेपुरतं पाठ करू नका, हाताला सवय लावा.

३. बंदूक की धनुष्य

मुरलेल्या नराच्या मागे असाल तर माझं मत धनुष्याच्या बाजूने आहे. कारण कॅलेंडरमध्ये आहे. विस्कॉन्सिनमध्ये धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून चालू होतो, तर बंदुकीचा नऊ दिवसांचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी. हरणं माजावर असतात ती मुख्यतः नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे मोठा नर भरदिवसा भान विसरून फिरतो तेव्हा रानात फक्त धनुष्यवाले असतात. शिवाय धनुष्य ‘फायरआर्म’मध्ये मोडत नाही, त्यामुळे व्हिसाचा वरचा गुंता टळतो. परवाना मात्र त्यालाही लागतोच.

कंपाउंड बो (कप्प्यांवरून दोरी फिरणारं धनुष्य) शिकायला उन्हाळाभर रोज थोडा सराव हवा, क्रॉसबो (बंदुकीसारखं धरून ट्रिगरने सोडायचं धनुष्य) लवकर जमतो. धनुष्याने वीस-पंचवीस यार्डांच्या पलीकडे नवशिक्याने बाण सोडू नये. रायफलच घ्यायची असेल तर .२७०, .३०८ किंवा .३०-०६ यांपैकी कुठल्याही काडतुसाची पुरे. काही राज्यांत रायफल चालत नाही किंवा ठरावीक काडतुसंच चालतात, ते आधी बघा.

४. जागा

सरकारी जमीन भरपूर आहे आणि फुकट आहे, पण गर्दीही तिथेच असते. मोबाइलवर जमिनीच्या हद्दी दाखवणारं ऑनएक्ससारखं ॲप घ्या. इथे हद्द ओलांडणं लोक फार मनावर घेतात, आणि ते बरोबरच आहे.

खासगी जमिनीसाठी शेतकऱ्याचं दार वाजवावं लागतं. हे जूनमध्ये करा, हंगामाच्या तोंडावर करू नका. शिकारीच्या कपड्यांत जाऊ नका. नाव, काम, कुठे राहता, कोणती गाडी असेल, कुंपणाचं फाटक जसं असेल तसंच ठेवाल, हे सांगा. नकार मिळाला तर आभार मानून परत या. गवताच्या गंजी रचायला किंवा पडलेलं झाड उचलायला हात लावलात तर दुसऱ्या वर्षी उत्तर बदलतं. आडनाव उच्चारताना अडखळलेला शेतकरी पुढे आपल्याला नावाने हाक मारायला लागतो, हे मी पाहिलं आहे.

५. रानाची पाहणी

फेब्रुवारी-मार्चमध्ये, बर्फ विरघळताना, रान सगळं उघडं असतं. गेल्या हंगामातल्या खुणा तशाच दिसतात आणि तुम्ही कुठेही भटकलात तरी नोव्हेंबरपर्यंत हरणं ते विसरलेली असतात. पायपीट तेव्हाच करून घ्या.

काय बघायचं? नराने शिंगं घासून साल काढलेली झाडं. बारीक रोपटी कोणीही घासतं, मांडीएवढ्या जाड बुंध्यावर खोल ओरखडे दिसले तर थांबा. दुसरी खूण म्हणजे ‘स्क्रेप’. जमिनीवरचा पाचोळा खुरांनी उकरून सुपाएवढी माती उघडी केलेली असते आणि तिच्या बरोबर वर, तोंडाच्या उंचीवर, एक लोंबती फांदी असते. त्या फांदीचं टोक नीट बघा. चावून चावून त्याचा कुंचला झालेला असतो. तिथे नर कपाळाच्या आणि डोळ्यांजवळच्या ग्रंथींचा वास पुसतो आणि खालच्या मातीत मुततो. आजूबाजूचा प्रत्येक नर ती फांदी हुंगून जातो. पण बहुतेक स्क्रेपवरची ये-जा रात्रीची असते, त्यामुळे उघड्या शेताच्या कडेच्या स्क्रेपवर मचाण बांधून बसू नका. दाट झाडीतला, बसायच्या जागेजवळचा स्क्रेप शोधा.

ट्रेल कॅमेऱ्याचा (झाडाला बांधायचा, हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) उपयोग आहे, त्याच्या नादी लागण्यात मात्र नुकसान आहे. कार्ड बदलायला दर आठवड्याला गेलात तर कॅमेऱ्यात नर दिसतो तसा नराला तुमचा वास कळतो. काही राज्यांत कॅमेऱ्यांवर निर्बंध आहेत, तेही तपासा.

६. वारा

या लेखातलं एकच प्रकरण वाचणार असाल तर हे वाचा.

व्हाइटटेलला केशरी रंग मंद दिसतो, निळा मात्र चांगला दिसतो, म्हणून रानात जीन्स घालू नका आणि कपडे उजळवणाऱ्या साबणात धुऊ नका. हे झालं डोळ्याचं. डोळ्याला किंवा कानाला शंका आली तर हरीण खात्री करायला थांबतं. नाकाला वास आला की थांबत नाही. मुरलेला नर तर शेपूट उडवून गाजावाजाही करत नाही, गुपचूप मागे फिरतो, आणि तो आला होता हे तुम्हाला कळतही नाही.

नैऋत्य विस्कॉन्सिनचा ‘ड्रिफ्टलेस’ भाग शेवटच्या हिमयुगातल्या बर्फाखाली सापडला नाही, त्यामुळे तिथे डोंगर, घळी, ओढे शाबूत आहेत. मोठ्या शिंगांसाठी नावाजलेली बफेलो काउंटी याच पट्ट्यात येते. सह्याद्रीत फिरलेल्याला ही भूगोलाची भाषा ओळखीची वाटेल: धार, सोंड, खिंड, घळ. पोक्त नर दिवसा बसतो तो बहुधा एखाद्या सोंडेवर, माथ्यापासून थोडं खाली, वाऱ्याच्या आडोशाच्या अंगाला. असं का? माथ्यावरून येणारा वारा त्याच्या पाठीमागचा वास आणून देतो, समोरचा उतार डोळ्यांना दिसतो, आणि ऊन चढलं की तापलेली हवा दरीतून वर येऊन खालचाही वास पोचवते. तिन्ही बाजूंची खबर बसल्या जागी.

आता तुमचं काम. सकाळी ऊन पडल्यावर हवा चढणीला लागते, संध्याकाळी गार होऊन उतारावरून ओढ्याकडे वाहते. हवामानाच्या ॲपवर ‘वायव्येचा वारा’ लिहिलेलं असलं तरी तुमच्या झाडापाशी तो वळसा घेत असू शकतो. हे पाहण्यासाठी इथले जाणते शिकारी खिशात मिल्कवीडच्या बिया ठेवतात. मिल्कवीड ही आपल्या रुईच्याच कुळातली वनस्पती, तिच्या शेंगेतूनही तशाच म्हाताऱ्या उडतात. मचाणावर बसल्यावर एक म्हातारी सोडा आणि नजरेआड होईपर्यंत तिच्याकडे बघत राहा. आधी ती वाऱ्याबरोबर सरळ जाते, मग घळीच्या तोंडाशी अडखळते, कधी खाली बुडते, कधी उलटी फिरते. तुमचा वास नेमका त्याच वाटेने चालला आहे. जिथे ती गेली तिथून नर येणार असेल, तर त्या दिवशी उतरा आणि दुसरीकडे बसा.

येण्या-जाण्याची वाटही याच हिशेबाने निवडा. अंधारात शेताच्या मधून मचाणाकडे गेलात तर तिथे चरणारी सगळी हरणं उधळतात. ओढ्यातून जा, लांबचा वळसा घ्या, पाचोळा आधीच झाडून वाट मोकळी करून ठेवा. प्रत्येक जागेसाठी ‘या वाऱ्यात चालेल, या वाऱ्यात नाही’ असं वहीत लिहून ठेवा. चांगल्या जागेवर चुकीच्या वाऱ्यात एकदा बसलात तरी ती जागा त्या वर्षापुरती गेली समजा.

७. वय ओळखायला शिका

शिंगांवरून वय ठरवू नका. व्हाइटटेलची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात, खुराकावर त्यांचा आकार बदलतो. शरीर बघा.

दीड वर्षाचा नर म्हणजे मादीच्या डोक्यावर शिंगं बसवल्यासारखा: लांब पाय, बारीक मान. साडेतीनला मान भरते, पण खांद्यापासून वेगळी दिसते आणि पोट ताणलेलं असतं. साडेचार-पाचच्या पुढे मान थेट छातीत मिसळते, पोट-पाठ सैल पडते, पाय आखूड वाटतात, आणि मागच्या पायांच्या गुडघ्याजवळचे केसांचे पुंजके माजाच्या दिवसांत काळेकुट्ट होतात.

लहान नर सोडून देणं पहिल्या वर्षी जड जातं. तुम्हाला मांस हवं असेल तर मादीचा परवाना काढा आणि ती घ्या, त्यात काहीही कमीपणा नाही. पण आज दीड वर्षाच्या नरावर बार टाकलात तर तो पाच वर्षांचा कधीच होणार नाही.

८. कधी बसायचं

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात थंडीची पहिली लाट आली की संध्याकाळ गाठा. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रजा टाका आणि दिवसभर बसा. मादी माजावर जेमतेम एक दिवस असते, म्हणून नर एका माद्यांच्या जागेवरून दुसरीकडे धावत असतो, आणि तो जातो त्या जागांच्या वाऱ्याखालच्या अंगाने, वास घेत. दोन जागांमधली खिंड किंवा झाडीची अरुंद पट्टी धरा. दुपारी अकरा ते दोन या वेळेत बाकीचे जेवायला उतरतात, तेव्हा तुम्ही उतरू नका.

बंदुकीच्या हंगामात अंगावर भडक (फ्लुरोसेंट) केशरी किंवा गुलाबी कपडे कायद्याने लागतात, धनुष्यवाल्यांनाही. पहिल्या दिवशी इतरांच्या आधी दाट झाडीच्या पलीकडे जाऊन बसा, हुसकलेला नर तिकडेच येतो.

थंडीबद्दल एवढंच: चालताना जाड कोट घालू नका, पाठीवर बांधा. घामाने भिजलेलं बनियन उणे दहाला तासाभरात हुडहुडी भरवतं.

९. मचाण

शिकारीत गोळीपेक्षा मचाणावरून पडून जास्त लोक जायबंदी होतात. पूर्ण अंगाचा हार्नेस वापरा, आणि जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत दोराला अडकलेले राहा. धनुष्य किंवा रिकामी बंदूक वर बसल्यावर दोरीने ओढून घ्या. घरी कुठे बसला आहात याचा नकाशावरचा ठिपका पाठवून ठेवा. गोचिडींसाठी कपड्यांना पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावा आणि घरी आल्यावर अंग तपासा, इथे लाइम आजार सर्रास आहे.

१०. बार आणि त्यानंतरचा अर्धा तास

जनावर पूर्ण आडवं किंवा किंचित पाठमोरं असेल तरच नेम धरा, पुढच्या पायाच्या लगेच मागे, शरीराच्या खालच्या तिसऱ्या भागात. समोरून, पळताना, किंवा मागे घर-रस्ता असताना बार टाकू नका.

बार झाला की जागेवर बसून राहा. जनावर कुठे उभं होतं आणि कुठे दिसेनासं झालं ती झाडं मनात पक्की करा. किमान अर्धा तास थांबा, मग रक्त बघा. फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुस, जनावर जवळच असेल. गडद लाल असेल तर बहुधा यकृत, काही तास थांबा. हिरवट आणि घाण वास असेल तर पोटाला लागलं आहे, मागे फिरा आणि आठ-दहा तासांनी या. घाईने मागे लागलात तर जखमी जनावर उठून मैलभर जातं आणि वाया जातं. शोध घेणारे प्रशिक्षित कुत्रे बऱ्याच राज्यांत चालतात, त्यांच्या मालकांचे फोन आधीच मिळवून ठेवा. शेजारच्या हद्दीत गेलं असेल तर मालकाला विचारूनच जा.

११. नोंद, तपासणी, मांस, माप

विस्कॉन्सिनमध्ये जनावर हाती आल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत ‘गेमरेज’ या राज्याच्या नोंदणी यंत्रणेत नोंद करावी लागते. मग मानेतल्या लसिका ग्रंथींचा नमुना क्रॉनिक वेस्टिंग डिसीजच्या तपासणीसाठी द्या. हा मेंदूचा आजार या राज्यात २००२ साली सापडला. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित जनावराचं मांस खाऊ नये असाच आरोग्य खात्याचा सल्ला आहे. निकाल येईपर्यंत पाकिटांवर नाव-तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवा. आजारामुळे हाडांसकट धड किंवा डोकं राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत.

आतडी लगेच काढा आणि धड गार करा. हरणाची चरबी मटणाच्या चरबीसारखी नसते, तोंडात थिजून बसते, ती सगळी तासून टाका. पाठीचा लुसलुशीत पट्टा तव्यावर झटपट भाजा, मांडी आणि खांदा काळ्या मसाल्यात कुकरला लावा.

शिंगांचं अधिकृत माप (लांबी, घेर, रुंदी अशा अनेक मापांवरून काढलेली इंचांची बेरीज) घ्यायचं असेल तर ती साठ दिवस वाळू द्यावी लागतात. १८८७ साली स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या कायमच्या नोंदवहीत सरळ वळणाच्या शिंगांना किमान १७० इंच लागतात, धनुष्यवाल्यांच्या पोप अँड यंगमध्ये १२५. सरळ वळणाच्या शिंगांचा जागतिक विक्रम आहे मायलो हॅन्सन यांनी १९९३ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये मारलेल्या नराचा, २१३ ५/८ इंच. तुमच्या भागातला पाच वर्षांचा नर १३० इंचांचाच असेल, तरी तो मुरलेलाच.

तपासणीचा निकाल चांगला आला की जमीनमालकाच्या घरी मांसाचा वाटा नेऊन द्या, आणि पुढच्या वर्षीची परवानगी तेव्हाच विचारा. फेब्रुवारीत गळलेली शिंगं वेचायला येऊ का, हेही विचारून घ्या. कोणते नर हंगामातून वाचले, हे त्या शिंगांवरून कळतं.